तेवीस जणांची एक गोष्ट

मराठी साहित्याला यापुढे देवबागची दखल घेतल्यावाचून गत्यंतर नाही, असे काशीराम चोपडेकराने १९५९ सालच्या आषाढात जाहीर केले. जाहीर केले ते रापणीच्या मांगरात, जाळे शिवता शिवता, आणि दाताखाली दोरा धरलेला असताना. त्यामुळे मराठी साहित्याला नेमके काय करावे लागणार आहे, हे कोणालाच नीट कळले नाही. त्याच्या राधाबाई आतेला वाटले, पोराची दाढ ठणकते आहे. पोर चौतिशीचे होते. तिने उठून लवंग आणून दिली. काशीरामाने ती चघळली, कारण दाढ खरोखरच थोडी दुखत होती.

पावसाळ्याचे तीन महिने दर्या कोणाला आत घेत नाही. होड्या माडांखाली येऊन बसतात आणि रापण मांगरात येऊन पडते. मांगर म्हणजे किनाऱ्यावरची, झावळ्यांनी शाकारलेली लांबलचक खोप. आणि रापण म्हणजे सगळ्या वाडीने मिळून ओढायचे ते अजस्र जाळे. होडी ते समुद्रात अर्धगोल फिरवून टाकते, आणि किनाऱ्यावरची माणसे दोन्ही टोकांच्या दोऱ्या ओढून मासळी वाळूवर आणतात. पावसात तेच जाळे डोंगरासारखे मधोमध पडते आणि भोवती वीस-बावीस जण सुया घेऊन भोके बुजवीत बसतात. हात गुंतलेले, तोंडे मोकळी. पहिल्या पंधरा दिवसांत गावातली सगळी लफडी बोलून संपतात. उरलेल्या अडीच महिन्यांसाठी साहित्य लागते.

ते पुरवण्याचे काम काशीरामाकडे होते. तो मराठी सातवी झालेला होता आणि त्याचे अक्षर असे होते की मालवणच्या कचेरीतले कारकूनसुद्धा त्याचा अर्ज दोनदा बघत. वाचत नसत, पण बघत. तीन वर्षांत त्याने चार गोष्टी लिहून गिरगावातल्या एका मासिकाकडे धाडल्या होत्या, आणि चारही परत आल्या होत्या. सोबत दरवेळी ‘साभार परत’ असे छापलेली चिठ्ठी. पहिली चिठ्ठी त्याने मांगरात वाचून दाखवली तेव्हा सगळ्यांना मुंबईच्या माणसाचे कौतुक वाटले. वस्तू परत करायची आणि वर आभारही मानायचे. तारकर्लीवाल्यांनी दोन वर्षांपूर्वी नेलेला नांगर अजून परत केला नव्हता. आभारांचे तर नावच नको.

चौथ्या चिठ्ठीनंतर मात्र काशीरामाच्या लक्षात आले की आभारांवर साहित्यिक होता येत नाही. तो उघडीप बघून तारकर्लीपर्यंत किनाऱ्याने चालत गेला, तिथून मालवण गाठले आणि एस.टी.ने कट्टा गावाला जाऊन शंकरराव पेंडूरकरांच्या ओटीवर उभा राहिला.

शंकरराव म्हणजे पंचक्रोशीतले एकमेव छापून आलेले माणूस. मुंबईतल्या साप्ताहिकांत तीस वर्षे काढून, दोन कादंबऱ्या, शंभरेक कथा आणि दमा एवढे पदरात घेऊन ते गावी परतले होते. साहित्याविषयी ते शुद्ध मराठीत बोलत आणि बाकी सगळ्या विषयांवर मालवणीत. त्यामुळे ते कुठल्या विषयावर आले आहेत हे घरातल्या मांजरालाही कळे. काशीरामाने नेलेली शहाळी त्यांनी मालवणीत ठेवून घेतली आणि गोष्टी शुद्ध मराठीत वाचायला घेतल्या.

“‘निसर्गदेवतेने आपला निळाशार पदर पसरला होता,’” त्यांनी वाचले. “हा पदर तू पाहिलास?”

“नाय.”

“मग कोणी पाहिला?”

“पुस्तकात होतो.”

“तिथेच राहू दे त्याला. पुढे ही जमीनदाराची मुलगी मोटारीतून येते. देवबागात मोटार आहे?”

“रस्तोच नाय, तर मोटार खंयसून?”

“मग ही कुठून आली?”

काशीरामाने बराच विचार केला. “होडीतून हाडली आसतली,” तो म्हणाला.

शंकररावांना हसता हसता खोकला आला आणि तो ओसरेपर्यंत काशीरामाने ओटीवरची जमीन न्याहाळून घेतली. त्यानंतर संध्याकाळच्या एस.टी.पर्यंत शंकररावांनी त्याला जे सांगितले, ते त्याने शाळेतल्या पोरासारखे वहीत उतरवून घेतले. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचे. दोन्ही बाजूंनी लिहिलेले वाचायला संपादक म्हणजे काही सासरी गेलेली लेक नव्हे. डावीकडे समास सोडायचा. समास ही संपादकाची जमीन, तिथे लेखकाने पाय ठेवायचा नाही. परतीची तिकिटे जोडायचीच. तिकिटे न जोडल्यास गोष्ट परत येत नाही हे खरे, पण म्हणून ती छापून येते असे नाही. दिवाळी अंकासाठी गोष्ट नारळी पौर्णिमेच्या आत मुंबईला पोचली पाहिजे. त्यानंतर संपादकाकडे गोष्टी उरतात आणि पाने संपतात. संपादक देव नव्हे, राक्षसही नव्हे. कोरी पाने भरायची धास्ती घेतलेला तो एक गृहस्थ असतो, आणि त्याला आपण मदत करतो आहोत असे वाटले पाहिजे.

“आणि पहिली तीन पाने फाडायची,” शंकरराव म्हणाले.

“खंयच्या गोष्टीची?”

“कुठल्याही. तू रापण ओढून आणलीस की माणसांना आधी वाळू दाखवतोस की मासळी?” निघता निघता त्यांनी शेवटची गोष्ट सांगितली, आणि ती बहुधा महत्त्वाची असावी, कारण ती मालवणीत सांगितली. “तुका ठावक आसा आणि मुंबयवाल्यांका ठावक नाय, असा कायतरी लिव रे. मोटारी तेंच्याकडे आसत.”

मुंबईवाल्यांना ठाऊक नसलेले काय, याचा विचार काशीराम तारकर्लीपासून देवबागपर्यंतच्या वाळूत करीत आला, आणि मांगरात पाऊल टाकले तेव्हा ते समोरच बसलेले होते. दाराशी सत्यवती जाळ्याला शिशाच्या गोळ्या बांधीत होती.

अकरा वर्षांपूर्वी सत्यवतीचा नवरा दर्यात गेला तो आला नाही. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या सकाळी रापण ओढायला माणसे उभी राहिली तेव्हा ती येऊन दोरीला लागली. देवबागात बाईमाणसाने रापणीची दोरी धरलेली तोवर कोणी पाहिली नव्हती. ये कोणी म्हटले नाही, जा कोणी म्हटले नाही. रापणीचा एक कायदा आहे, तो कुठल्या कागदावर लिहिलेला नाही: ज्याचा दोरीला हात लागला त्याला वाटा. वाटसरू असो, मालवणचा पाहुणा असो, ओढायला लागला की वाटा. मासळी आली, रापणीचा म्होरक्या विठोबा तांडेल याने वाटे घातले आणि कोणाला न विचारता एक वाटा जास्त घातला. सत्यवतीने तो टोपलीत भरला आणि घरी गेली. झाले ते एवढेच. गावात त्यावर पुन्हा कधी कोणी बोलले नव्हते; बोलण्यासारखे काही आहे असे वाटलेच नव्हते.

काशीरामाने तिला विचारले, लिहू काय. ती म्हणाली, लिव, नाव बदल आणि माका उगाच गोरी करू नको.

मग तो रोज सकाळी घरी लिही आणि दुपारी मांगरात वाचून दाखवी. पूर्वीच्या गोष्टी लोक नुसत्या ऐकत, कारण मोटारीच्या कामात त्यांना गती नव्हती. ही गोष्ट मात्र सगळ्यांच्या माहितीतली निघाली आणि मांगर उठून बसला. गोष्टीत वारा दक्षिणेकडून येत होता. महादू म्हणाला, त्या महिन्यात त्या वाऱ्याला देवबागात काही काम नाही, आणि वारा बदलून घेतला. बाबलीने पहाटेची भरती दोन तास पुढे सरकवली. राधाबाई आतेने नायिकेच्या घरातली चूल पेटू दिली नाही. सुतकातून उठलेल्या बाईच्या घरी पहिले दिवस शेजारणी जेवण आणतात, हे तुला एवढा मोठा होऊन कळत नाही का, असे विचारले. विठोबा तांडेल काहीच बोलत नसे. तो फक्त खोकत असे. पण काशीरामाला हळूहळू समजले की वर्णन लांबले की तांडेलाला खोकला येतो. शंकररावांनी सांगितलेली पहिली तीन पाने अशी तांडेलाच्या खोकल्याने गेली.

नायिका दोरी ओढते आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहतात, ते ती पदराने पुसते, असे काशीरामाने लिहिले होते. ते त्याने दोनदा वाचून दाखवले. सत्यवतीने हातातली गाठ मारून पुरी केली.

“दोरी हातात आसताना डोळे पुसूचे कशान?” ती म्हणाली.

काशीरामाने अश्रू खोडले. घरी जाऊन त्याने तेच वाक्य लिहिले, जसेच्या तसे, आणि त्याला पहिल्यांदा वाटले की आपण लिहितो आहोत.

गोष्टीला नाव दिले ‘दोरीला हात’. एका बाजूला लिहिली, समास सोडला, तिकिटे जोडली. शंकररावांचे सगळे नियम पाळून झाल्यावर शेवटच्या पानावर ‘लेखक’ असा शब्द लिहून त्याने खाली नावे लिहिली. तेवीस. मांगरात बसायच्या ओळीने. विठोबा तांडेल, राधाबाई, सत्यवती, असे करीत करीत नवव्या जागी महादू आणि बाबली यांच्यामध्ये काशीराम चोपडेकर. बावीस जणांनी गोष्टीला हात लावला होता, तेविसावा तो. खोकणारासुद्धा धरला, आणि कोपऱ्यात रोज झोपणारा शंभा तेलीही धरला, कारण तो कुठल्या पानावर झोपतो हे बघूनच त्या पानाची किंमत ठरत असे. यात काही वेगळे केले असे काशीरामाच्या मनातही आले नाही. शंकररावांनी नियम पुष्कळ सांगितले होते, पण वाटे कसे घालायचे ते सांगितले नव्हते. देवबागच्या माणसाला ते कोण कशाला सांगेल?

नारळी पौर्णिमेच्या आधी पाकीट गेले. भाद्रपदाच्या सुरुवातीला उत्तर आले. चिठ्ठी नव्हे, पत्र. आणि खाली संपादक गुरुदास वर्दे यांची सही. काशीरामाने ते मांगरात उभे राहून वाचले.

“‘आपली कथा आवडली. दिवाळी अंकासाठी ती घ्यावी अशी इच्छा आहे. नायिकेच्या तोंडचे डोळे पुसण्याविषयीचे वाक्य आमच्या कचेरीत दोन दिवस बोलले जात होते. शेवटची अडीच पाने मात्र कापावी लागतील, तेथे कथा संपल्यावरही आपण लिहीत राहिला आहात.’”

मुंबईच्या कचेरीत सत्यवतीचे बोलणे दोन दिवस बोलले जाते, हे पचायला मांगराला वेळ लागत होता. सत्यवतीने पदर डोक्यावरून नीट घेतला, एवढेच. काशीरामाची नजर मात्र पुढच्या ओळींवर गेली होती. तो थांबला आणि म्हणाला, पुढे तब्येतीची चौकशी केली आहे.

पुढे चौकशी नव्हती. पुढे असे होते: ‘कथेखाली तेवीस नावे आली आहेत. गावातील वर्गणीदारांची यादी चुकून जोडली गेली असावी. लेखक म्हणून एकच नाव छापता येईल. ते येत्या पंधरा तारखेपर्यंत कळवावे, अन्यथा कथा या अंकात घेता येणार नाही, याचा खेद वाटतो.’

काशीराम पुन्हा कट्ट्याला गेला. शंकररावांनी पत्र वाचले, दोनदा वाचले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांत आपल्याला असे पत्र किती वेळा आले असेल त्याचा हिशेब दिसला. ते शुद्ध मराठीत म्हणाले की यात विचार करण्यासारखे काही नाही. गोष्ट दहा जण सांगतात, लिहितो एक. जगभर असेच चालते. नाव एकच टाक, आणि तुझे टाक.

“पण तेनी सांगितल्यानी तां?”

“सांगू देत. माझ्या पहिल्या कादंबरीतला अर्धा मजकूर आमच्या घरातून आला होता. म्हणून काय—”

“खंय आसा?” आतून त्यांच्या पत्नीचा, नर्मदाबाईंचा आवाज आला.

“काय खंय आसा?”

“माजा नाव.”

शंकररावांना खोकला आला. तो विठोबा तांडेलाच्या खोकल्यापेक्षा निराळा होता आणि बराच वेळ चालला. नर्मदाबाई बाहेर आल्या, काशीरामापुढे चहा ठेवला, नवऱ्यापुढे काढा ठेवला, आणि आत गेल्या. “तरी पण एकच टाक,” शंकरराव हळू आवाजात म्हणाले. तेही मालवणीत नव्हते, म्हणून काशीरामाला त्यावर पुरता विश्वास ठेवता येईना.

तरी ठेवावासा वाटत होता, हे खरे. परतीच्या वाटेवर त्याने अंकाचे पान मनात छापून बघितले. वर ‘दोरीला हात’, खाली ‘काशीराम चोपडेकर’. दुसरे काही नाही. ते पान मालवणच्या कारकुनांनी वाचले, मग त्याच्या मेलेल्या बापाने वाचले, ज्याला वाचता येत नव्हते. मांगरात पत्र वाचणारा तो एकटा, अंक येईल तोही वाचून दाखवणार तोच. खाली काय छापले आहे आणि काय नाही, हे त्याच्याखेरीज देवबागात कोणाला कळणार होते?

रापण सुरू झाली होती. दहा तारखेला सकाळी त्याने अंगात ताप असल्याचे कळवले आणि दार ओढून घेऊन पोस्टकार्ड लिहायला बसला. कार्डाआधी त्याने रद्दी कागदावर नाव लिहून बघितले. ‘काशीराम चोपडेकर’. मग ‘का. स. चोपडेकर’. मग मधे बापाचे पुरे नाव घालून. किनाऱ्यावरून ओढणाऱ्यांच्या आरोळ्या येत होत्या. त्या त्याने ऐकल्या नाहीत. शेवटी त्याने कार्डावर सुबक अक्षरात पहिलेच नाव लिहिले आणि ते वाळत ठेवले.

दुपारी दारात सत्यवती उभी. हातात टोपली, टोपलीत बांगडे, अजून शेपट्या आपटणारे.

“बरा नाय तर उठान कित्याक बसलंस?” ती म्हणाली. “तुजो वाटो हाडलंय.”

“माजो कसलो? मी दोरीक हात खंय लावलंय आज?”

“ताप इलो म्हणान नाय लावलंस. तांडेल म्हणालो, काशीचो आधी काडा.” तिने टोपली ठेवली, हात पदराला पुसला आणि त्याच्या कपाळावर ठेवला. कपाळ थंडगार होते. समोर पेन होते, कार्ड होते, आणि रद्दी कागदावर बारा ठिकाणी लिहिलेले काहीतरी होते, जे तिला वाचता येत नव्हते. तिने ते सगळे एकदा बघितले.

“उतारलो वाटता,” ती म्हणाली आणि गेली.

काशीरामाने बांगडे मोजले. वाटा पुरा होता. निवडून चांगले घातले होते, आजारी माणसाला घालतात तसे. त्याने कार्ड फाडले. मग फुलस्केप कागद घेतला, समास सोडला आणि एका दमात लिहिले:

‘संपादक महाशय, ती वर्गणीदारांची यादी नाही. आमच्या गावात आपले वर्गणीदार कोणी नाहीत, याबद्दल क्षमा असावी. ते लेखक आहेत. आमच्याकडे ज्याचा दोरीला हात लागला त्याला वाटा मिळतो. या गोष्टीला तेविसांचे हात लागले आहेत, आणि गोष्टही याच कायद्याची आहे. ती छापून खाली एकच नाव घातले, तर वाचणारा म्हणेल की लिहिणाऱ्याला आपली गोष्ट कळलेली नाही. वरच्या बाजूला जागा नसल्यास नावे बारीक टाइपात घालावी. तेही जमत नसल्यास गोष्ट परत धाडावी. तिकिटे जोडलेली आहेतच. शेवटची अडीच पाने कापावी, ती खरोखरच जास्त आहेत. आपला नम्र, तेविसांतला नववा.’

हे पत्र घेऊन तो ज्या वेगाने तारकर्लीच्या दिशेने गेला, तो पाहून बाबलीने महादूला विचारले की ताप मेंदूत तर चढला नाही ना.

पंधरा तारीख गेली. उत्तर आले नाही. काशीरामाने आता मांगरात सगळे खरे सांगून टाकले: पत्रातली तब्येतीची चौकशी, कट्ट्याची फेरी, आणि कार्डसुद्धा. कार्डाचे सांगताना तो जाळ्याकडे बघत होता. महादूने विचारले, एकाच नावाचे बोलला असतास तर आम्ही नाही म्हटले असते काय रे. काशीराम म्हणाला, नसते म्हटले, म्हणूनच. त्यावर तांडेल खोकला, आणि विषय आवरता घेतला गेला. सगळ्यांनी धरून चालले की गोष्ट गेली. राधाबाई आते म्हणाली, गेली तर गेली, बाबा, आपल्याला झालेली आहे ना ऐकून.

दिवाळीच्या आदल्या दिवशी जाडजूड बुकपोस्ट आले.

अंक मांगराबाहेर वाळूत उघडला गेला. भोवती तेविसांखेरीज त्यांची घरे, पोरेबाळे आणि कोणाचीतरी दोन बकऱ्या. काशीरामाने अंक दोन्ही हातांनी धरला होता, म्हणून पाने महादूने उलटली. त्याला वाचता येत नसल्याने तो दोनदा पुढे गेला. मग पान सापडले. ‘दोरीला हात’. आणि त्याखाली, चांगल्या ठसठशीत टाइपात: ‘देवबागची रापण’.

गोष्ट काशीरामाने वाचली. पाठ असलेली गोष्ट. पण छापल्यावर ती आणखी कोणाची तरी, मोठ्या घरची झाल्यासारखी वाटत होती. डोळे पुसण्याच्या वाक्यापाशी सगळ्यांनी सत्यवतीकडे बघितले आणि सत्यवतीने दर्याकडे. संपली, तेव्हा तांडेल एकदाही खोकलेला नव्हता. आणि शेवटी, चौकटीत, बारीक नव्हे तर गोष्टीच्याच टाइपात, एकाखाली एक नावे.

“वाच,” तांडेल म्हणाला.

काशीराम एकेक नाव वाचू लागला. प्रत्येक नावानंतर त्याला थांबावे लागे, कारण ज्याचे नाव असे तो पुढे येऊन कागदावर बोट ठेवून बघे, आणि मग घरच्यांना दाखवी. राधाबाई आतेने बोट ठेवले आणि ते उचलायलाच तयार होईना. आठव्या जागी महादू आला. नववे नाव काशीरामाने तोंडातल्या तोंडात उरकले आणि तो घाईने ‘बाबली’ म्हणाला.

“थांब,” विठोबा तांडेल म्हणाला. एवढ्या वर्षांत मांगराने त्याचे एवढे लांब बोलणे ऐकले नव्हते. “तुजा नाव गिळू नको. मोठ्यान वाच. दोरी सगळ्यांनी वडली, पण होडी तू फिरवलंस.”

काशीरामाने मोठ्याने वाचले. सत्यवती उठली, जवळ आली, आणि त्याचे नाव कुठे आहे ते विचारून त्यावर तिने आपले बोट ठेवले. मग बाबलीने ठेवले. मग रांगच लागली.

तेविसावे नाव झाल्यावर काशीराम थबकला. यादीत आणखी एक ओळ होती, जी त्याने लिहिलेली नव्हती. ‘२४. गुरुदास वर्दे (शेवटची अडीच पाने कापली).’

यावर मांगरात गंभीर चर्चा झाली. अडीच पाने कापणे म्हणजे हात लावणे काय? शंभा तेली म्हणाला, ओढणे वेगळे आणि कापणे वेगळे. महादूने दाखवून दिले की जाळ्यात अडकलेला काटेरी मासा कापून काढणाऱ्यालाही आपण वाटा देतो. तांडेलाने मान हलवली. ठरले: माणूस दोरीला लागलेला आहे, वाटा त्याच्या घरी पोचला पाहिजे. ताजी मासळी मुंबईपर्यंत टिकणार नाही, म्हणून त्या महिन्याचे उत्तम बांगडे राधाबाई आतेने मीठ लावून कडकडीत वाळवले, सत्यवतीने माडाच्या पातीत बांधले, काशीरामाने कापड शिवून वर आपल्या नामांकित अक्षरात पत्ता घातला, आणि मालवणच्या पोस्टात पार्सल दिले. तिथल्या कारकुनाने पार्सल नाकाजवळ नेले, काशीरामाकडे आदराने बघितले आणि ते लगेच पुढच्या थैलीत टाकले.

शंकररावांनाही एक अंक पोचता केला. त्यांनी चौकट वाचली आणि अंक आत नर्मदाबाईंकडे नेऊन दिला. पुढच्या महिन्यात त्यांची कथा कुठेतरी आली, तिच्याखाली दोन नावे होती, अशी कट्ट्याच्या बाजारात बातमी होती.

मार्गशीर्षात वर्द्यांचे पत्र आले. पाकीट जाड होते. साऱ्या मांगराने हातातली कामे ठेवली, तांडेल टोपी घालून बसला आणि काशीराम उभा राहून वाचू लागला. अंकातल्या सर्व साहित्यात ‘देवबागची रापण’ यांच्या कथेविषयी सर्वाधिक पत्रे आली होती. नागपूरहून आली होती, बडोद्याहून आली होती. एका प्राध्यापकांनी ही कथा वर्गात वाचली होती आणि वर्गाने चौकटीतली नावेही वाचायला लावली होती. वीस वर्षे संपादन करताना, वर्दे लिहीत होते, मी शेकडो लेखकांना शिकवले. शिकवणारे लेखक मला प्रथमच भेटले. पुढील दिवाळीसाठी आपली दुसरी कथा मिळावी, पाने आत्तापासून राखून ठेवीत आहे.

काशीराम थांबला. राधाबाई आतेने डोळ्यांना पदर लावला होता. हातात दोरी नव्हती, म्हणून ते जमले. वाच रे पुढे, बाबली म्हणाला, आणि काशीरामाने छाती भरून शेवटचा परिच्छेद वाचला:

“‘आपण पाठविलेला वाटा मिळाला. आभारी आहे. एक लहानशी विनंती आहे. पुढील वाटा कचेरीच्या पत्त्यावर पाठवू नये. घरचा पत्ता खाली दिला आहे. तेथेही तो शक्यतो सोमवारी पोचू नये.’”